रेसच्या गाडीचा मागचा ॲक्सल बदलायचं काम आलंय? होकार देण्याआधी हा हिशोब करा



गॅरेजच्या कॉस्टिंगवरच्या व्हिडिओत एक उदाहरण धावतं सांगितलं होतं: रेससाठी तयार होणाऱ्या जिप्सीला दुसरा मागचा ॲक्सल बसवायचं काम. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आकडे आणि बारकावे इथे नीट मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

असं काम दुकानात आलं की मिस्त्रीचा चेहरा खुलतो. रोजचं ऑइल बदलणं, ब्रेक शू आणि क्लच प्लेट यापेक्षा वेगळं काहीतरी करायला मिळतं. गाडी रॅलीत पळणार, फोटो येणार, नाव होणार. ग्राहक विचारतो, "दादा, किती होतील?" आणि तोंडातून आकडा निघून जातो. नुकसान तिथेच ठरतं. पान्याला हात लागायच्या आधीच.

तुमचं गॅरेज नसलं तरी वाचा. फॅब्रिकेशन असो, फर्निचर, केटरिंग किंवा मंडप असो, रेटकार्डात नसलेलं काम प्रत्येक धंद्यात येतं. त्याचा भाव कसा काढायचा, हाच आजचा विषय.

उदाहरण जिप्सीचंच का?

मारुतीची जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लष्करात, पोलिसांत आणि वनखात्यात ती चालली, आणि भारतीय रॅलीत तर कित्येक वर्षं तिचंच राज्य होतं. हिमालयातल्या 'रेड दे हिमालय' स्पर्धेत जिप्सी हे नेहमीचं दृश्य असायचं. आपल्या राज्यात नाशिकला 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झाली, तिथेही जिप्सी धावल्या. राष्ट्रीय रॅली मालिकेत जिप्सींसाठी वेगळा गट ठेवला गेला, यावरून तिचा चाहतावर्ग लक्षात येईल.

या गाडीला पुढेमागे दोन्ही बाजूंना सलग ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे आहेत. रचना साधी असल्यामुळे बदल करायचा मोह लवकर होतो. त्यात कंपनीनेच एक मोठा बदल केलेला आहे. सुरुवातीची जिप्सी अरुंद होती: पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १२१० मिलिमीटर, मागच्या चाकांमधलं १२२०. १९९३ मध्ये 'वाइड ट्रॅक' जिप्सी आली आणि हे अंतर १३०० आणि १३१० झालं. म्हणजे ९० मिलिमीटरची वाढ, प्रत्येक बाजूला ४५.

मागच्या ॲक्सलचं गणित बघा. १२२० वर ९० म्हणजे साधारण साडेसात टक्के. गाडीची उंची तीच राहिली, तर वळणावर कलंडायला होणारा विरोधही साधारण तेवढाच वाढतो. रेसवाल्याला हे सोन्यासारखं वाटतं. म्हणून जुन्या अरुंद जिप्सीचा मालक म्हणतो, "वाइड ट्रॅकचा ॲक्सल मिळालाय, बसवून द्या."

पहिला प्रश्न: ॲक्सल हवाय की रेशो?

ग्राहक सांगतो ते काम आणि त्याला खरं हवं असलेलं काम, यात बऱ्याचदा फरक असतो. हा फरक पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्या.

त्याला वळणावर गाडी स्थिर हवी असेल, तर रुंद ॲक्सलला अर्थ आहे. पण तक्रार "चढाला दम लागतो, पिकअप नाही" अशी असेल, तर प्रश्न ॲक्सलच्या रुंदीचा नाही, क्राउन-पिनियनच्या रेशोचा आहे.

समजा सध्याचा रेशो ३.७ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा होताना प्रोपेलर शाफ्टचे ३.७ फेरे होतात. तो ४.१ केला, तर चाकावरची ओढ जवळपास ११ टक्के वाढते आणि त्याच इंजिन-फेऱ्यांवर वेग जवळपास १० टक्के कमी होतो. फुकट काही मिळत नाही. एका हाताने घेतलं की दुसऱ्या हाताने द्यावं लागतं.

जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये डिफ्रन्शियलचा पूर्ण संच पुढच्या बाजूने बोल्ट काढून बाहेर येतो. हौसिंग गाडीखालीच ठेवून आतला संच बदलता येतो. म्हणजे रेशोच हवा असेल, तर पाटे, ब्रॅकेट, वेल्डिंग ही बरीचशी कटकट वाचते. ग्राहकाचे पैसे वाचवणारा सल्ला तुम्ही दिलात, की पुढची दहा कामं तो तुमच्याकडेच आणतो.

मात्र एक धोका स्पष्ट सांगा. जिप्सी फोर बाय फोर आहे. मागचा रेशो बदलला आणि पुढचा तसाच राहिला, तर फोर बाय फोर टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात. ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो आणि काहीतरी तुटतं. रेशो बदलायचा तर दोन्हीकडे सारखा. रुंदीचंही तेच. मागे वाइड आणि पुढे अरुंद अशी गाडी रस्त्यावर वेगळीच वागते. म्हणजे "फक्त मागचा ॲक्सल" हे काम बऱ्याचदा "दोन्ही ॲक्सल" निघतं. हे ग्राहकाला काम सुरू झाल्यावर कळलं, तर भांडण होणारच. आधी कळलं, तर तो तुम्हाला जाणकार म्हणेल.

ॲक्सल बदलला की सोबत काय काय बदलतं

आपला अंदाज बहुतेक वेळा "जुना काढायचा, नवा बसवायचा" एवढ्यावर असतो. प्रत्यक्षात यादी अशी निघते:

१. पाटे बसण्याच्या जागा. नव्या हौसिंगवरच्या पाट्यांच्या बैठका गाडीच्या पाट्यांखाली येतात का, ते टेपने नाही, नीट मोजून बघा. नाही जुळल्या तर कापून नव्याने वेल्ड करायच्या.

२. पिनियनचा कोन. बैठका चुकीच्या कोनात बसल्या, तर डिफ्रन्शियलचं नाक वर किंवा खाली जातं. मग युनिव्हर्सल जॉइंट थरथरतो आणि लवकर जातो.

३. प्रोपेलर शाफ्ट. लांबी आणि फ्लँजची भोकं दोन्ही तपासा. शाफ्ट कापून जोडला, तर बॅलन्सिंग करावंच लागतं. हे काम बाहेर जातं, म्हणजे दोन-तीन दिवस गाडी तुमच्या जागेत उभी.

४. ब्रेक. पाइपचा मार्ग, व्हील सिलिंडर, हँडब्रेकची केबल. नंतर पूर्ण ब्लीडिंग.

५. चाकाचे स्टड आणि रिम. पुढच्या आणि मागच्या चाकांची भोकं वेगळी झाली, तर एकच स्टेपनी चालणार नाही.

६. आतली तब्येत. जुन्या बाजारातून आलेला ॲक्सल उघडून बेरिंग, ऑइल सील, क्राउन-पिनियनच्या दातांची झीज आणि बॅकलॅश बघितल्याशिवाय बसवायचा नाही. हौसिंग वाकलेलं नाही ना, हेही.

७. किरकोळ सामान. यू-बोल्ट नवीनच घ्यायचे, जुने ताणलेले असतात. गिअर ऑइल, गॅस्केट, ब्रीदर, नट.

८. चाचणी. गाडी चालवून आणायची, गळती बघायची, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. रेसच्या गाडीला हे एकदा करून भागत नाही.

आता या यादीकडे बघून सांगा, तोंडी आकडा देणं शहाणपणाचं आहे का?

अंदाज आणि हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानाचे तुम्ही टाका.

आधी दुकानाचा तासाचा भाव काढू. एका तालुक्याच्या गावातलं एका गाडीच्या जागेचं गॅरेज धरा. महिन्याचा खर्च:

भाडं १२,०००
दोन पोरांचा पगार ३६,०००
लाइट बिल ५,०००
वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसरचा हप्ता ९,०००
मालकाचा स्वतःचा पगार ३०,०००
फोन, चहा, हत्यारांची झीज, इतर ८,०००
एकूण १,००,०००

मालकाचा पगार खर्चात धरला नाही, तर तुम्ही स्वतःच्या दुकानात बिनपगारी नोकर आहात.

महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण सगळे तास बिलात येत नाहीत. सामानाची वाट बघणं, ग्राहकाशी बोलणं, साफसफाई यात वेळ जातो. ६० टक्के धरले तर साधारण १२५ तास. एक लाख भागिले १२५, म्हणजे तासाला ८०० रुपये. हा नफा नाही. एवढे मिळाले तर दुकान जेमतेम जागेवर राहतं.

आता ॲक्सलच्या कामाचे तास:

जुना ॲक्सल काढणं ६
मोजमाप आणि आतली तपासणी ४
बैठका कापणं, बसवणं, वेल्डिंग ८
ब्रेक पाइप आणि हँडब्रेक ४
नवा ॲक्सल बसवणं ८
चाचणी आणि पुन्हा आवळणं ४
परत येणारी किरकोळ कामं ४
एकूण ३८ तास

३८ गुणिले ८०० म्हणजे ३०,४००. बाहेरचा खर्च: शाफ्ट कापणं आणि बॅलन्सिंग ४,५००, लेथचं काम ३,०००, सील-बेरिंग-ऑइल-यू-बोल्ट-पाइप ७,५००. एकूण १५,०००. बाहेरच्या कामासाठी धावपळ तुम्ही करता, म्हणून त्यावर १० टक्के, म्हणजे १,५००. झाले ४६,९००. मजुरीवर १५ टक्के अनपेक्षित गोष्टींसाठी, ४,५६०. झाले ५१,४६०. त्यावर १५ टक्के नफा, ७,७१९. म्हणजे भाव येतो साधारण ५९,०००. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळा. ॲक्सलची किंमत यात नाही, तो ग्राहकाचा.

आता तोंडी अंदाजाकडे या. "द्या पंचवीस हजार" असं म्हणून काम घेतलं, तर बाहेरचे १५,००० गेल्यावर हातात राहिले १०,०००. ते ३८ तासांचे. तासाला २६३ रुपये. दुकानाचा खर्च तासाला ८००. म्हणजे ३८ तासांत २०,४०० रुपये तुमच्या खिशातून गेले, आणि वर ग्राहक म्हणणार, "वेळ फार लावलात."

शिवाय ३८ तास म्हणजे जवळजवळ पाच दिवस. एकच जागा असेल, तर त्या पाच दिवसांत रोजची गिऱ्हाइकं समोरच्या गॅरेजला जातात. रेस वर्षातून दोनदा असते. ब्रेक शूवालं गिऱ्हाईक दर तीन-चार महिन्यांनी येतं. कोणाला दुखवायचं, हे ठरवून करा.

कोटेशन तीन तुकड्यांत द्या

एवढा आकडा एकदम सांगितला तर ग्राहक पळेल, अशी भीती वाटते. त्यावर उपाय म्हणजे तुकडे.

पहिला तुकडा तपासणीचा. ॲक्सल आणि गाडी दोन्ही आणायची, मोजायचं, उघडायचं, लिहून द्यायचं. याचे पैसे ठरलेले, आधी घ्यायचे. वरच्या हिशोबात चार तास, म्हणजे ३,२०० रुपये. पुढे काम तुम्हालाच दिलं, तर ते बिलातून वजा करा. तपासणीचेही पैसे न देणारा ग्राहक पुढचे काय देणार?

दुसरा तुकडा ठरलेल्या कामाचा. ज्यात काय निघणार हे तुम्हाला माहीत आहे, ते एका आकड्यात बांधा: काढणं, बसवणं, ब्रेक, ऑइल.

तिसरा तुकडा मोकळ्या कामाचा. वेल्डिंग, शाफ्ट, आतून निघालेली झीज. इथे तासाचा भाव आणि कमाल मर्यादा लिहा. मर्यादा ओलांडायच्या आधी फोन, आणि फोननंतर व्हॉट्सॲपवर "हो" असा मेसेज. तोंडी होकार बिलाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

सामानाचे पैसे पूर्ण ॲडव्हान्स, मजुरीचे निम्मे. ग्राहकाने आणलेल्या ॲक्सलच्या दर्जाची हमी तुमची नाही, तुमच्या कामाची हमी मात्र तुमची. हे वाक्य कोटेशनवर छापूनच घ्या. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा: आलेला ॲक्सल, वेल्डिंग, आवळलेले बोल्ट. उद्या वाद झाला तर फोटो बोलतात.

आणि ॲक्सल कुठून आला, हे विचारा. पुण्याच्या नाना पेठेतून असो की भंगारवाल्याकडून, बिल हवं. बिल नसलेला सुटा भाग चोरीच्या गाडीचा निघाला, तर पोलिसांच्या प्रश्नांना तुम्हालाही उत्तर द्यावं लागतं.

कायदा आणि रेसचा नियम

ही गाडी फक्त ट्रॅकवर चालणार की नंबर प्लेट लावून रस्त्यावरही? उत्तर लेखी घ्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाल्यावर विमा कंपनी काय प्रश्न विचारेल, तेही डोळ्यासमोर आणा. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी आरटीओला विचारल्याशिवाय हात घालू नका.

रेसच्या बाजूला दुसरं नियमपुस्तक असतं. भारतात मोटारस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते, आणि प्रत्येक गटात काय बदलता येतं ते ठरलेलं असतं. शर्यतीआधी स्क्रूटिनी होते. ॲक्सल मस्त बसला आणि त्या गटात चालतच नसेल, तर गाडी पार्किंगमध्ये आणि तुमचं नाव सगळ्यांच्या तोंडी. ग्राहकाकडून त्या गटाचं नियमाचं पान मागून घ्या आणि फाइलला लावा.

कुठे "नाही" म्हणायचं

पैशांचं नुकसान भरून निघतं. ॲक्सलच्या कामात त्याहून मोठी गोष्ट पणाला असते. ज्या ॲक्सलमध्ये चाक थेट शाफ्टवर बसतं, तिथे शाफ्ट तुटला तर चाकच बाहेर येऊ शकतं. बैठकेचं वेल्डिंग सुटलं तर पूर्ण ॲक्सल गाडीखाली फिरतो. आत बसलेला पोरगा कोणाचा तरी मुलगा असतो, आणि बाजूला उभे राहून बघणारेही.

म्हणून तीन ठिकाणी सरळ नकार द्या. एक, वाकलेलं किंवा तडा गेलेलं हौसिंग "वेल्ड करून चालवा" असा आग्रह असेल तर. दोन, "परवा रेस आहे, उद्या द्या" असं असेल तर. चाचणीशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. तीन, तुमच्याकडे त्या जाडीचं वेल्डिंग करणारा हात नसेल तर. तिसऱ्यात लाज नाही. आपल्या भागात कसबी हातांची कमी नाही. फलटणला कमिन्स आहे, बारामतीला पियाजिओ आहे, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीनशॉप आहेत. अनुभवी वेल्डर शोधा, त्याच्या भावाने पैसे द्या, त्याचं नाव बिलात टाका.

मग यात धंदा आहे की नाही?

आहे. पण सुरुवात जिप्सीपासून करू नका.

कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंग शर्यती झाल्या आहेत. कार्टला डिफ्रन्शियल नसतं. मागे एक सलग पोकळ ॲक्सल, मोठ्या गटांत ५० मिलिमीटर व्यासाचा. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच कार्ट नीट वळतं, आणि ते चेसिस आणि ॲक्सलच्या लवचिकपणावर ठरतं. म्हणून ट्रॅकची पकड बघून मऊ किंवा कडक ॲक्सल टाकतात. हे काम ठरलेलं, थोड्या वेळाचं आणि पुन्हा पुन्हा येणारं. रेटकार्ड बनवता येतं. धंद्याला हेच लागतं.

दुसरा ग्राहक म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून भरते, पिथमपूरला. संघांना इंजिन ठरलेलं, आणि बाकी गाडी स्वतः बनवायची. अनेक संघ मागे तीनचाकी मालवाहू रिक्षाचा गिअरबॉक्स बसवतात, कारण त्यात गिअर आणि डिफ्रन्शियल एकत्र मिळतं. हबचं मशिनिंग, शाफ्टला खाचा पाडणं, माउंटिंग प्लेट ही कामं त्यांना बाहेरून करून लागतात. सांगलीचं वालचंद, साखराळ्याचं राजारामबापू अशी कॉलेजं आपल्याच पट्ट्यात आहेत. एकदा जाऊन भेटा.

आणि या स्पर्धेतली एक गोष्ट आपण उद्योजकांनी शिकण्यासारखी आहे. तिथे फक्त गाडी पळवून मार्क मिळत नाहीत. गाडीला किती खर्च आला याचा लेखी हिशोब द्यावा लागतो, आणि ही गाडी वर्षाला हजारोंनी बनवायची आहे असं धरून ती परीक्षकांना विकून दाखवावी लागते. वीस-बावीस वर्षांची पोरं प्रत्येक बोल्टची किंमत लिहितात. आपण दहा वर्षं दुकान चालवून तासाचा भाव सांगू शकत नाही, हे बरोबर नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. महिन्याचा खर्च लिहा, स्वतःच्या पगारासकट.
२. खरे बिलात येणारे तास मोजा. अंदाज नको, सहा दिवस वहीत नोंद करा.
३. भागाकार करा आणि तासाचा भाव भिंतीवर लावा. ग्राहकासाठी नाही, स्वतःसाठी.
४. गेल्या वर्षभरातलं एक मोठं, वेगळं काम घ्या आणि या पद्धतीने पुन्हा हिशोब करून बघा.
५. कोटेशनचा तीन तुकड्यांचा कागद तयार करा. एक पान पुरे.

पुढच्या भागात तिसऱ्या तुकड्यावर जास्त बोलू: काम सुरू असताना वाढलेला खर्च ग्राहकाला कसा सांगायचा, म्हणजे पैसेही मिळतात आणि माणूसही तुटत नाही. तोपर्यंत कोणी विचारलं "दादा, किती होतील?" तर उत्तर एवढंच द्या: "गाडी आणा, मोजतो, आणि उद्या लिहून देतो."